लिहून झाले, आता कामाला लागा

नव्याने लिहू लागलेली माणसे भेटली की त्यांचे प्रश्न बहुधा सारखेच असतात. लेख कुठे पाठवू? कोण छापेल? मानधन मिळते का? दिवाळी अंकासाठी कधीपर्यंत द्यावे लागते? हे प्रश्न रास्त आहेत. पण ‘लिहिलेले सुधारायचे कसे?’ हा प्रश्न क्वचितच कानावर येतो. शेवटची ओळ लिहिली, खाली नाव घातले, की काम संपले असे बहुतेकांना वाटते. माझ्या मते लेखकाचे निम्मे काम तिथून पुढे सुरू होते. ते काम करायला प्रतिभा आणि व्यासंग लागतातच, पण त्याआधी नम्रता लागते.

सभेत हात जोडून उभे राहण्याची नम्रता मला इथे अभिप्रेत नाही. मनात जे होते ते कागदावर पुरते उतरलेले नाही, हे मान्य करण्याची तयारी म्हणजे लेखकाची नम्रता. ही तयारी असलेला माणूस पुन्हा खुर्चीत बसतो. नसलेला माणूस त्याच रात्री लेख पाठवून मोकळा होतो.

लोकमान्य टिळकांनी ‘गीतारहस्य’ मंडालेच्या तुरुंगात १९१०-११ च्या हिवाळ्यात पेन्सिलीने लिहून काढले. ग्रंथ छापून आला तो सुटकेनंतर, १९१५ मध्ये. प्रस्तावनेत त्यांनी या प्रवासाचा हिशेब दिला आहे. पहिल्या खर्ड्यानंतर सुचत गेल्या तशा दुरुस्त्या केल्या, तुरुंगात सगळी पुस्तके न मिळाल्याने जे भाग अपुरे राहिले होते ते सुटून आल्यावर पुरे केले, आणि एवढे करूनही ग्रंथ सर्व बाजूंनी पूर्ण झाला असे म्हणता येत नाही, असे ते सांगतात. टिळक काही मवाळ स्वभावाचे नव्हते. वादात ते कुणाची भीड ठेवत नसत. पण स्वतःच्या खर्ड्यासमोर त्यांनी ताठा धरला नाही. लेखकाला लागणारी नम्रता स्वभावावर अवलंबून नसते, ती काम करण्याची रीत आहे, हे यातून लक्षात यावे. आणि रीत असल्यामुळे ती शिकता येते.

खोटी नम्रता ओळखा

आपल्याकडे पुस्तकाच्या मनोगतात एक वाक्य हमखास सापडते: हे माझे वेडेवाकडे बोल वाचकांनी गोड मानून घ्यावेत. बोल वेडेवाकडे आहेत हे लेखकाला ठाऊक असेल तर ते सरळ करण्याचे काम त्याचेच होते. वाचकाने पुस्तकासाठी पैसे मोजलेले असतात आणि आपली संध्याकाळ दिलेली असते. त्याच्याकडे सवलत मागण्यापेक्षा आणखी एक आठवडा हस्तलिखितावर बसणे हा त्याचा खरा मान आहे.

दुसरा प्रकार आणखी घातक आहे. ‘मला काही जमतच नाही’ असे म्हणत काही जण लेखन फाडून टाकतात किंवा कुणालाच दाखवत नाहीत. वरवर हीदेखील नम्रता वाटते, पण इथेही सारे लक्ष स्वतःवरच असते. आपण लेखक म्हणून थोर की सामान्य, हा प्रश्न लिहिण्याच्या टेबलावर बाजूला ठेवा. समोरचे वाक्य वाचकापर्यंत पोहोचते की नाही, एवढाच प्रश्न तिथे ठेवा. त्याला उत्तर असते आणि त्यावर उपायही असतो.

एका दमात लिहिलेल्या पुस्तकांचे काय?

पुनर्लेखनाचा विषय निघाला की कुणीतरी साने गुरुजींचे उदाहरण देते. ‘श्यामची आई’ त्यांनी नाशिकच्या तुरुंगात फेब्रुवारी १९३३ मध्ये अवघ्या काही दिवसांत लिहिले, हे खरे आहे. पण त्यांची आई गेली १९१७ मध्ये. म्हणजे पंधरा वर्षांहून अधिक काळ त्या आठवणी ते मनात वागवत होते. मधल्या काळात अमळनेरच्या शाळेत त्यांनी शिक्षकाचे काम केले, वसतिगृहातल्या मुलांत ते राहिले, आणि मुलांशी कसे बोलावे हे रोजच्या बोलण्यातून त्यांच्या अंगी मुरले. कागदावर जे काही दिवसांत उतरले त्याची घडण कितीतरी वर्षे चालली होती. तुमचा विषय तुमच्या मनात तितका मुरला असेल तर तुम्हीही एका दमात लिहाल. बहुतेक वेळा तो मुरलेला नसतो. म्हणून मुरवण्याचे काम कागदावर करावे लागते.

दुसऱ्या टोकाला अर्नेस्ट हेमिंग्वे आहेत. ‘अ फेअरवेल टु आर्म्स’ या १९२९ च्या कादंबरीचे शेवटचे पान आपण ३९ वेळा लिहिले, असे त्यांनी एका मुलाखतीत सांगितले होते. २०१२ मध्ये या कादंबरीची जी आवृत्ती निघाली तिच्यात त्यांनी लिहून बाजूला ठेवलेले शेवट छापले आहेत, आणि ते ४७ भरले. आकडा महत्त्वाचा नाही. एवढा नावाजलेला लेखक ‘अजून जमले नाही’ असे स्वतःशी इतक्यांदा म्हणू शकला, हे महत्त्वाचे.

आधी अंतर पडू द्या

लिहून झाल्याबरोबर दुरुस्तीला बसू नका. त्या क्षणी मनातले आणि कागदावरचे एकमेकांत मिसळलेले असते. गाळलेला शब्दही तुमच्या डोळ्यांना दिसत असतो, कारण तो तुम्हाला माहीत असतो. छोट्या लेखाला किमान दोन रात्री जाऊ द्या. कथेला दोन-तीन आठवडे, कादंबरीला काही महिने. बातमीपर मजकूर आजच द्यायचा असेल तर निदान अर्धा तास उठून बाहेर जा.

दिवाळी अंकासाठी लिहिणाऱ्यांनी हे गणित आधीच मांडावे. अंकांचे साहित्य साधारणपणे जुलै-ऑगस्टपर्यंत मागवले जाते. म्हणजे पहिला खर्डा मे महिन्यात हातात हवा. गणपतीच्या तोंडावर सुरू केलेली कथा एकाच बैठकीत संपवून पाठवावी लागते, आणि वाचताना ते कळते.

पुन्हा वाचायला घ्याल तेव्हा मजकुराचे रूप बदला. फोनवर लिहिले असेल तर कागदावर छापून घ्या. हाताने लिहिले असेल तर टंकलिखित करून घ्या. ओळी वेगळ्या ठिकाणी तुटल्या की झाकलेले दोष वर येतात. प्रत्येक खर्डा तारीख घालून जपून ठेवा. जुने हाताशी आहे हे माहीत असले की कापताना हात अडखळत नाही.

आणि एक कळकळीची विनंती. कच्चा मजकूर त्याच रात्री समाजमाध्यमांवर टाकू नका. पसंतीचे अंगठे येऊ लागले की त्यातला एक शब्दही बदलण्याची इच्छा उरत नाही. स्नेह्यांनी कौतुक केले म्हणजे लेख झाला, असे वाटू लागते. स्नेह्यांचे कौतुक तुमच्यावरच्या प्रेमापोटी असते. अनोळखी वाचक मात्र फक्त मजकूर वाचणार असतो.

चार वेळा वाचा, दर वेळी वेगळ्या कामासाठी

सगळ्या चुका एकाच वाचनात शोधायला गेले की काहीच नीट होत नाही. ऱ्हस्व-दीर्घ सुधारत बसलेल्या माणसाला तिसरा परिच्छेद मुळात नकोच आहे हे दिसत नाही. म्हणून कामे वाटून घ्या.

पहिले वाचन बांधणीसाठी. प्रत्येक परिच्छेदाशेजारी समासात चार-पाच शब्दांत लिहा की हा परिच्छेद काय सांगतो. लिहिता आले नाही तर त्या परिच्छेदात तुम्हालाच काय म्हणायचे आहे ते ठरलेले नाही. दोन परिच्छेदांशेजारी तेच शब्द आले तर त्यातला एक काढा. मग समासातले ते शब्द फक्त सलग वाचा. एकातून दुसरे निघते का पाहा. पहिल्या परिच्छेदावर विशेष नजर ठेवा. पुष्कळ लेखांत तो लेखकाने हात मोकळा करण्यासाठी लिहिलेला असतो. पाण्याच्या टंचाईवरचा लेख ‘मानवी जीवनात पाण्याचे महत्त्व अनन्यसाधारण आहे’ असा सुरू झाला असेल, तर ते वाक्य हाताने झाका आणि पुढून वाचून पाहा. बहुधा काहीच बिघडत नाही. तीच गोष्ट शेवटची. लेखात जे दाखवून झाले आहे तेच उपदेशाच्या सुरात पुन्हा सांगितले असेल तर ते काढून टाका.

दुसरे वाचन वाक्यांसाठी, आणि ते मोठ्याने. आपली भाषा कीर्तनात, ओवीत, जात्यावर घडली आहे; मराठी वाक्य कानाला चुकीचे लागले तर ते बहुधा चुकलेलेच असते. जिथे श्वास पुरत नाही तिथे खूण करा. जिथे जीभ अडखळते तिथेही करा. एक नमुना पाहा:

‘गावातील पाणीटंचाईच्या संदर्भात महिलांकडून मोठ्या प्रमाणात संघर्ष केला जात असल्याचे चित्र पाहायला मिळते.’

या वाक्यात चूक अशी कुठली नाही, पण माणूसही कुठला नाही. कोण, काय, कधी, कुठे, असे विचारू लागा. महिला म्हणजे कोण? संघर्ष म्हणजे त्या नेमके काय करतात? ‘मोठ्या प्रमाणात’ म्हणजे किती? उत्तरे मिळाली की वाक्य असे होईल:

‘पहाटे चारला बायका विहिरीवर रांग लावतात, सहानंतर पोचणारीला गढूळ पाणी मिळते.’

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. दुसरे वाक्य लिहिणाऱ्याला रांग किती वाजता लागते आणि उशिरा येणारीचे काय होते, हे माहीत असावे लागते. पहिले वाक्य घरबसल्या लिहिता येते. वाक्य सुधारायला बसले की आपल्याला काय माहीत नाही ते उघडे पडते आणि पुन्हा गावात जाऊन विचारावे लागते. पुष्कळ लेखक पुनर्लेखन टाळतात त्याचे खरे कारण आळस नसतो. आपले अज्ञान समोर येईल ही भीती असते. ती ओलांडा. पुनर्लेखनाचा सगळ्यात मोठा फायदा भाषा गुळगुळीत होण्यात नाही. विषय अधिक कळतो, त्यात आहे.

भावनेच्या जागी तयार शब्द फार पटकन येतात. ‘आजी गेल्याचे ऐकून माझ्या पायाखालची जमीन सरकली, डोळ्यांसमोर अंधारी आली.’ हे शब्द हजारो लेखांत येऊन गेले आहेत. या आजीचे आणि या नातीचे त्यात काही नाही. स्वतःला विचारा, फोन ठेवल्यावर प्रत्यक्षात मी काय केले? ‘फोन ठेवला आणि मी मेथीची उरलेली जुडी निवडत बसले.’ दुःखाचे नाव न घेता हे वाक्य दुःखापर्यंत पोहोचते. शिवाय ते खरे असल्यामुळे दुसऱ्या कुणाला सुचणार नाही.

याच वाचनात ‘अत्यंत’, ‘नितांत’, ‘खऱ्या अर्थाने’, ‘च्या माध्यमातून’, ‘करण्यात आले’ यांच्याखाली रेघ ओढा. काढून पाहा. वाक्य उभे राहिले तर ते शब्द परत घालू नका.

तिसरे वाचन तथ्यांसाठी. माणसांची नावे, गावे, साले, कोण काय म्हणाले, याची एकेक खात्री करा. तुकोबांचा म्हणून जो अभंग पाठ आहे तो गाथेत पाहून घ्या. संतांच्या नावावर खपणाऱ्या पुष्कळ ओळी त्यांच्या नसतात. कथाकारांनीही हे वाचन टाळू नये. अमावास्येच्या रात्री चंद्र उगवला, किंवा मे महिन्यात कोरडवाहू रानात ज्वारी डोलू लागली, की शेतकरी वाचकाचा पुढच्या पानावर विश्वास बसत नाही.

चौथे वाचन शुद्धलेखनासाठी, आणि ते अगदी शेवटी. मराठी साहित्य महामंडळाचे १४ नियम १९६२ मध्ये शासनाने स्वीकारले आणि १९७२ मध्ये आणखी ४ जोडले गेले. एकूण अठरा नियम, म्हणजे एका सुट्टीच्या दिवसाचे काम. मो. रा. वाळंबे यांची किंवा अरुण फडके यांची पुस्तके हाताशी ठेवा. शंका आली की उघडून पाहायची. ‘मला येते’ म्हणून पुढे जायचे नाही. जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये बदलून घेतला असेल तर रफार, पहिली वेलांटी आणि ‘दुसऱ्या’मधला अर्धा ऱ यांवर खास लक्ष द्या, अक्षरे बदलताना तिथे मोडतोड होते. मुद्रितशोधक चुका काढतील म्हणून कच्चा मजकूर पुढे ढकलू नका. त्यांचे लक्ष तुमच्या ऱ्हस्व-दीर्घांत गुंतले तर मोठी चूक त्यांच्या नजरेतूनही सुटते.

समर्थ रामदासांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेलाच दिला आहे. ओळींना ओळी भिडू नयेत, पानाच्या कडेने जागा सोडावी, इतक्या बारकाईने ते सांगतात. पहिल्या अक्षरापासून ग्रंथ संपेपर्यंत सारे एकाच लेखणीने लिहिल्यासारखे वाटावे, अशी त्यांची अपेक्षा आहे. तो उपदेश पोथ्या लिहिणाऱ्यांसाठी होता, पण आजच्या लेखकालाही लागू पडतो. बहुतेक हस्तलिखितांत पहिली पाने घोटलेली असतात आणि शेवटची उरकलेली. एखादे वाचन मुद्दाम शेवटच्या पानापासून सुरू करा, म्हणजे ताजी नजर तिथे पडेल.

दुसऱ्याच्या डोळ्यांनी पाहा

चार वाचने झाली की मजकूर कुणालातरी दाखवा. दोन वाचक पुरेत. एक विषय जाणणारा, दुसरा त्या विषयाशी काही संबंध नसलेला. सगळेच छान म्हणणारा घरचा माणूस या कामाला उपयोगी नाही आणि मनात स्पर्धा असलेला लेखकमित्रही नाही.

‘कसे वाटले?’ असे विचारू नका. त्याला ‘छान आहे’ एवढेच उत्तर मिळते. नेमके विचारा. कुठे थांबून पुन्हा वाचावे लागले? कुठे पाने उलटावीशी वाटली? कुठे खोटे वाटले? वाचक सांगू लागला की मधे बोलू नका. ‘तिथे मला असे म्हणायचे होते’ हे वाक्य ओठांवर आले तरी गिळा. पुस्तक विकत घेणाऱ्या वाचकाशेजारी समजावून सांगायला तुम्ही नसणार आहात. ऐकलेले सगळे लिहून घ्या, आभार माना आणि त्या दिवशी काहीही बदलू नका.

दोन दिवसांनी ती टिपणे काढा. दोन्ही वाचक एकाच जागी अडले असतील तर तिथे दोष आहे असे धरून चाला. त्यांनी सुचवलेला उपाय मात्र घेतलाच पाहिजे असे नाही. वाचकाला दुखते कुठे ते अचूक कळते, औषध शोधणे लेखकाचे काम आहे.

तुमचे लेखन दुसऱ्याच्या जगण्याबद्दल असेल तर त्या जगातल्या माणसाला ते वाचून दाखवा. मेंढपाळांवर लिहिले असेल तर एखाद्या धनगराला, रुग्णालयावर लिहिले असेल तर एखाद्या परिचारिकेला. १९७२ मध्ये नामदेव ढसाळ यांचा ‘गोलपिठा’ आला. त्याची प्रस्तावना लिहिणारे विजय तेंडुलकर तेव्हा नाटककार म्हणून नावाजलेले होते. तरी या कवितांमागची वस्ती आणि तिची भाषा आपल्या ओळखीची नाही हे मान्य करून ते ढसाळांबरोबर तिथे हिंडले, शब्दांचे अर्थ त्यांच्याकडून समजून घेतले आणि प्रस्तावनेत तसे मोकळेपणाने मांडले. वयाने आणि नावाने लहान असलेल्या कवीला असे विचारल्याने त्यांचे मोठेपण कमी झाले नाही. मराठीतल्या लक्षात राहिलेल्या प्रस्तावनांत तिची गणना होते.

संपादकाशी वागताना

श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांनी ‘सत्यकथा’त आणि मौज प्रकाशनात जे काम केले ते मराठी लेखनाच्या इतिहासात वेगळे उठून दिसते. कथा स्वीकारताना किंवा परत करताना ते लेखकाला सविस्तर पत्रे लिहीत, कच्च्या जागा दाखवत, पुन्हा लिहून मागत. कित्येक लेखक त्यातून घडले. ‘सत्यकथा’ १९८२ मध्ये बंद झाली. एका कथेसाठी तेवढा वेळ देणारे संपादक आज थोडे आहेत, आणि ज्यांना द्यायचा आहे त्यांच्याकडेही माणसे आणि पैसा अपुरा असतो. म्हणून पूर्वी संपादक जे करत ते पुष्कळसे काम आता लेखकाने स्वतः करूनच मजकूर पाठवायला हवा.

तरीही संपादकाची सूचना आली तर ती भाग्याची समजा. सूचना वाचून पहिल्या दिवशी राग येतो. उत्तर दुसऱ्या दिवशी लिहा. प्रत्येक सूचनेपुढे ‘मान्य’ किंवा ‘अमान्य’ असे लिहा आणि अमान्य असेल तर कारण द्या. कारण सापडले नाही तर सूचना बरोबर आहे असे समजा. साभार परत आलेला मजकूर दुसरीकडे पाठवण्यापूर्वी एकदा पूर्ण वाचा. तसाच्या तसा पुढे धाडू नका.

नम्रतेची मर्यादाही सांगायला हवी. संपादक सर्वज्ञ नसतो आणि एका काळाची अभिरुची म्हणजे साहित्याचा कायदा नसतो. १९६९ मध्ये लघुअनियतकालिकांच्या चळवळीतल्या तरुणांनी ‘सत्यकथा’च्या अंकाची होळी केली. आमचे जगणे आणि आमची भाषा तुमच्या चौकटीत मावत नाही, हे त्यांना सांगायचे होते, आणि पुढच्या काळाने त्यांच्या म्हणण्यात तथ्य असल्याचे दाखवून दिले. अमेरिकन कथाकार रेमंड कार्व्हर यांच्या १९८१ च्या कथासंग्रहात संपादक गॉर्डन लिश यांनी इतकी काटछाट केली की काही कथा निम्म्याहून कमी उरल्या. कार्व्हर यांनी पत्र लिहून छपाई थांबवण्याची विनवणी केली, पण पुस्तक निघाले. त्यांच्या मूळ कथा ‘बिगिनर्स’ या नावाने २००९ मध्ये आल्या, तेव्हा ते हयात नव्हते.

तेव्हा कसोटी अशी ठेवा. सूचनेमुळे तुमचे म्हणणे अधिक स्पष्ट होत असेल तर ती घ्या, मग ती कुणाचीही असो. सूचनेमुळे बोलणारा माणूसच बदलत असेल, म्हणजे मालवणी बोलणाऱ्या आजीच्या तोंडी पुस्तकी मराठी येत असेल किंवा वस्तीचे वर्णन सभ्य करून मागितले जात असेल, तर शांतपणे आणि ठामपणे नाही म्हणा.

दुसऱ्याचा मजकूर सुधारण्याची वेळ तुमच्यावर आली तर संत एकनाथांचा आदर्श ठेवा. नकला होताना ज्ञानेश्वरीत पाठभेद शिरले होते. नाथांनी प्रती ताडून शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, शुद्ध प्रत सिद्ध केली आणि या ग्रंथात कुणी आपली ओवी घालू नये असे बजावले. स्वतः एवढे मोठे कवी असून त्यांनी तिथे स्वतःचे कवित्व आवरले.

थांबायचे कधी?

दुरुस्तीलाही अंत हवा. काल काढलेला स्वल्पविराम आज परत घालत असाल, बदललेले वाक्य वेगळे होत असेल पण चांगले होत नसेल, तर थांबा. वर्षानुवर्षे एकाच हस्तलिखितावर हात फिरवत राहणे हे पुष्कळदा लोकांसमोर जाण्याच्या भीतीमुळे घडते. आजच्या कुवतीने जे करता येईल ते केले आहे याची मनाशी खात्री पटली की मजकूर सोडून द्यावा आणि नव्याला हात घालावा.

छापून आल्यावर एक प्रत वेगळी ठेवा. वाचकांनी दाखवलेल्या आणि स्वतःला दिसलेल्या चुका तिच्या समासात नोंदवत चला. पत्र लिहून चूक दाखवणाऱ्याचे आभार माना. त्याने तुमचे पुस्तक लक्ष देऊन वाचले आहे. मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्ये आला, आणि सुधारून वाढवलेली दुसरी आवृत्ती १८५७ मध्ये. आज आपण वापरतो तो कोश दुसऱ्या आवृत्तीचा आहे. पंचवीस वर्षांनीही आपल्या कामाकडे परत जाता येते, हे ध्यानात असू द्या.

आता एवढेच करा. या आठवड्यात आपला एक जुना लेख किंवा कथा बाहेर काढा, शक्यतो न छापलेली. ती कागदावर घ्या, दार लावून मोठ्याने वाचा, आणि वर सांगितलेली चार वाचने त्याच क्रमाने करा. पूर्ण लेख जमला नाही तर एक पान घ्या. त्या एका पानावर जे शिकाल ते दहा व्याख्याने ऐकून मिळणार नाही. वाचक आपल्या आयुष्यातला वेळ विश्वासाने तुमच्या हाती देतो. त्याला आपला पहिला खर्डा देऊ नका.